शुक्रवारी दीडची नोंद

माझ्याबरोबर दीड वर्ष एका घरात राहिलेल्या माणसाला मी एका यंत्राच्या भरवशावर घराबाहेर काढलं. त्याची बायको बावीस वर्षांत पहिल्यांदा मस्कतला यायची होती. ती त्यामुळे आली नाही. सांगायचं एवढंच आहे, पण एवढंच सांगून भागत नाही. यातला एक भाग मी त्यालाही अजून सांगितलेला नाही.

मी शीतगृहांच्या कंट्रोलची कामं करायचो. मासळीची गोदामं, सुपरमार्केटच्या मागच्या थंड खोल्या. तापमान किती ठेवायचं, मशीन कधी चालू, कधी बंद, ते सगळं आपोआप व्हावं अशी जोडणी करायची. मस्कतच्या अझैबा भागात दोन खोल्यांचा फ्लॅट होता. मुलीची दहावी जवळ आली तशी बायको तिला घेऊन पुण्याला गेली. मुलीचं मराठी आधीच अडखळत होतं, शाळेत सगळं इंग्रजी. फोनवर ती मला ‘बाबा, यू ओके ना?’ विचारायची आणि मी ‘हो’ म्हणायचो. रिकामं घर खायला उठलं, म्हणून एक खोली मी त्याला दिली.

तो दाभोळच्या खाडीकडचा मुसलमान, मी चिपळूणचा. मस्कतच्याच हमरिया भागात एका फर्निचरच्या दुकानात सुतार होता. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. मी त्याला ‘भाय’ म्हणायचो, तो मला ‘भाऊ’. त्याची बोली वेगळी होती, ती मला लिहिता येत नाही, म्हणून त्याचं बोलणं मी माझ्या मराठीत देतो. पाच वेळा नमाज पढायचा. माझ्या देवांच्या तसबिरीवरची धूळही पुसायचा. मासे त्याने आणायचे, आमटी मी करायची, असं चाललं होतं.

आता ती गोष्ट. मी घरात बीअर करायला लागलो.

आमच्या कंपनीतला एक इंग्रज सुपरवायझर नोकरी सोडून जाताना त्याचं सामान वाटत होता. कोणी टीव्ही घेतला, कोणी सोफा. मला त्याने झाकणाच्या दोन पांढऱ्या बादल्या, नळ्या, माल्टचे डबे आणि वासाच्या त्या हॉप्सची पाकिटं दिली. एका दुपारी सगळं शिकवलंही. माल्ट उकळायचं, हॉप्स घालायचे, थंड करून यीस्ट टाकायचं, झाकण लावून वाट बघायची. बाजारातून रीतसर घ्यायची तर परवाना लागतो, परवान्याला कंपनीचं पत्र लागतं, आणि आमच्या ऑफिसातला कारकून माझ्या मामाच्या गावचा. माझे वडील दारूने गेले. आईला कळलं असतं. घरी करायला तर परवानगीच नव्हती. पकडला गेलो असतो तर नोकरी गेली असती आणि विमानात बसवलं असतं. हे सगळं माहीत असून केलं. का केलं हे विचारू नका. एकटा होतो म्हणावं, तर तो होता की घरात.

अडचण उन्हाची होती. बीअरला अठरा-वीस अंश लागतात, आणि मी कामावर गेलो, एसी बंद झाला की घर भट्टी व्हायचं. पहिली बादली फुकट गेली. मग मी माझ्या धंद्यातलं डोकं चालवलं. हमरियातून एक जुना फ्रिज आणून स्टोअररूममध्ये ठेवला. बादलीला बाहेरून सेन्सर चिकटवला, एक छोटा कंट्रोलर बोर्ड, एक रिले. तापमान वीसच्या वर गेलं की फ्रिज चालू, अठराला बंद. बाहेर एक बारकी खिडकी, तिच्यात आकडा दिसायचा. आठवडाभर दार उघडायची गरजच नाही. आणि सवयीप्रमाणे मी दाराला चुंबकाचा स्विच लावला. दार उघडलं की त्याची वेळ आणि किती मिनिटं उघडं होतं ते मेमरी कार्डावर लिहिलं जायचं.

ही सवय समजून घ्या. गोदामात मासळी खराब झाली की पहिला प्रश्न असतो, दार किती वेळा उघडलं? राखणारा म्हणतो, उघडलंच नाही. मग आम्ही कागद काढतो. पहाटे पाच दहा, अकरा मिनिटं उघडं. माणसाची मान खाली जाते. अशा किती माना मी पाहिल्या असतील. कागद काय म्हणतो ते बघायचं, माणूस काय म्हणतो त्याकडे लक्ष द्यायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की घरातही ते सुटलं नाही.

तो बोर्ड मी सुट्टीत चिपळूणला असताना तयार केला होता. भावाच्या माडीवर बसून, लॅपटॉपला जोडून, सगळं तपासून, कपड्यांत गुंडाळून आणला. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

भायला मी काही सांगितलं नाही. स्टोअरला कुलूप नव्हतं, पण त्याचं तिथे काम नव्हतं. त्याला कळलं असेल का, या विचारात माझे दिवस जायचे. तो नाकपुडी हलवून आत आला तरी मी बघायचो. त्याने खिडकी उघडली की वाटायचं, वासामुळे. नाही उघडली की वाटायचं, मुद्दाम. कोणाजवळ काही लपवून ठेवलं की तो माणूसच संशयित वाटायला लागतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

ओमानात आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. शुक्रवारी तो साडेअकराला आंघोळ करून, पांढरे कपडे घालून मशिदीत जायचा आणि सव्वाला परत यायचा. तो गेला की बाराच्या सुमाराला मी फ्रिज उघडायचो, झाकण बाजूला करून पेलाभर काढायचो, चव बघायचो, पुन्हा सगळं बंद. चार-पाच मिनिटं. साडेबाराला मी हमरियात जेवायला निघायचो. तिथे आमच्याकडच्या तिघा-चौघांचा अड्डा असायचा.

दुसरी बादली आंबली. बीअर आंबवायचीच असते, पण ही व्हिनेगरसारखी झाली. तिसरीही तशीच. शनिवारी मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. घराबाहेर पडलो साडेबाराला, म्हणून यादी साडेबारापासून खाली वाचत गेलो.

शुक्रवार, एक वाजून बत्तीस मिनिटं. दार उघडं. चार मिनिटं.

आधीचा शुक्रवार. एक एकोणतीस. पाच मिनिटं. त्याच्या आधीचा. एक पस्तीस.

मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्याबरोबर एक बरंही वाटलं, तेही खरं. सापडला. मी घरात नसताना, तो मशिदीतून आल्यावर, बरोबर त्याच वेळेला. पीत होता का? की काही टाकत होता? की कोणाला दाखवत होता?

मी पुढच्या गुरुवारी फ्रिजच्या दाराला आणि चौकटीला जोडून चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. शुक्रवारी माझी चव घेऊन झाल्यावर पुन्हा लावला. संध्याकाळी येऊन बघतो तर सुटलेला. थंडीने ओल धरते आणि पट्टी सुटते, हे मी वीस वर्षं बघत आलेला माणूस. तरी मला पुरावा वाटला.

त्याच आठवड्यात मी कामावरून लवकर आलो, तर बिल्डिंगच्या मागच्या बाजूला, आमच्या स्टोअरच्या झरोक्याखाली, भाय हारिसशी बोलत उभा. हारिस म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, बलुची म्हातारा, घरमालकाचा कान. तो झरोक्याकडे बोट करत होता. मला बघून दोघं गप्प झाले. भाय हसून म्हणाला, आज लवकर खलास काम? मी हो म्हणालो आणि वर आलो.

आता इकडे त्याचं काय चाललं होतं ते सांगतो. त्याच्या बायकोचा व्हिजिट व्हिसा त्याच्या अर्बाबने, म्हणजे दुकानाच्या अरब मालकाने, काढून दिला होता. आयुष्यभर ती ‘विमानात नाही बसणार’ म्हणत आली आणि आता दोन्ही मुली सासरी गेल्यावर एकदम ‘येते’ म्हणाली. दोन महिने राहणार होती. मी आधीच म्हटलं होतं, वहिनी येऊ देत, तुमची खोली तुमचीच आहे. ती रोज फोनवर विचारायची, खिडक्या किती? चूल कसली? समुद्र दिसतो का? तो सांगायचा, समुद्र नाही दिसत, विमानं दिसतात. त्याने खिडकीचं माप घेतलं, हमरियातून निळं कापड आणलं आणि दुकानातल्या शिलाई मशीनवर पडदे स्वतः शिवले. सुताराच्या हाताचे, टाके जरा मोठे. कड्या लाकडाच्या, त्यानेच कातलेल्या. ती सोडे आणि कोकमं घेऊन येणार होती, त्यातला अर्धा वाटा माझा, असंही त्याने सांगून ठेवलं होतं.

आणि मी विचार करत होतो, दोन महिने घरात आणखी एक माणूस, आणखी एक नाक. हा आज हारिसशी बोलतोय, उद्या ती आल्यावर कोणाशी बोलेल?

मी त्याला विचारू शकलो असतो. ‘भाय, स्टोअरमधला फ्रिज तू उघडतोस का?’ एवढं एक वाक्य. पण ते विचारायचं तर फ्रिजमध्ये काय आहे ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी खोटं बोललो. रात्रीच्या जेवणाला बसलो असताना म्हणालो, बायको आणि मुलगी परत येतायत, कायमच्या, या महिनाअखेरीला. खोली लागेल.

त्याने घास खाली ठेवला. मग म्हणाला, “चांगलंच झालं, भाऊ. पोर आली की घर घरासारखं वाटतं.”

व्हिशाचं काय, असं मी विचारलं नाही आणि तोही बोलला नाही.

आठ दिवसांत तो हमरियात गेला. दुकानाच्या मागे सहाजण राहायचे त्या खोलीत, वरचा पलंग. तिथे बायकोला आणणं शक्यच नव्हतं. त्याने दुसरी खोली शोधली, मला कळत होतं, कारण अड्ड्यावर येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारत होता. पण दोन महिन्यांसाठी कोण देणार? व्हिशाची मुदत संपली. ती नंतर पुन्हा ‘येते’ म्हणाली नाही, हे मला अड्ड्यावरच कळलं. ‘नशिबात नव्हतं’ म्हणाली म्हणे.

जाताना त्याने पडदे काढले नाहीत. मी म्हटलं, भाय, हे राहिले. तर म्हणाला, “असू दे. तुझ्या पोरीच्या खोलीला होतील. मापाचे आहेत.”

ते पडदे दोन वर्षं त्या रिकाम्या खोलीत लटकत होते.

तो गेल्यावर मी नवी बादली लावली. मोकळेपणाने, स्टोअरचं दार उघडं टाकून. कार्ड बघायची गरज उरली नव्हती. आणि ती बादलीही आंबली.

तेव्हाही मी स्वतःकडे पाहिलं नाही. कार्ड काढलं. शुक्रवार, एक एकतीस, चार मिनिटं. पुढचा शुक्रवार, एक अठ्ठावीस. घराला बाहेरून कुलूप, आत कोणी नाही, आणि दार उघडतंय. पहिला विचार आला तो हारिसचा. त्याच्याकडे किल्ली असणार. भाय जाताना देऊन गेला असणार. मी त्याच संध्याकाळी कुलूप बदललं आणि पुढच्या शुक्रवारी जेवायला न जाता घरात दबा धरून बसलो.

बाराला मी नेहमीसारखी चव बघितली. मग स्टोअरच्या समोर खुर्ची टाकून, मोबाइल गप्प करून, चाळिशी उलटलेला माणूस, चोर पकडायला बसलो. सव्वा झाला. दीड झाला. कोणी आलं नाही. पावणेदोन. दारावर कोणी हातसुद्धा लावला नाही. दोन वाजता मी कंट्रोलरच्या डब्यातून कार्ड काढलं आणि लॅपटॉपला लावलं.

एक तेहतीस. दार उघडं. चार मिनिटं.

मी समोर बसलो होतो. डोळा मिटला नव्हता. मी यादी आणखी खाली नेली. कंट्रोलर दर पाच मिनिटांनी तापमान लिहायचा. शेवटची ओळ होती तीन वाजून तीस मिनिटांची. माझ्या मनगटावर दोन वाजले होते.

दीड तास. मस्कत आणि चिपळूण यांच्या घड्याळांत जेवढं अंतर असतं तेवढं. घरी फोन लावताना रोज तोंडी जी बेरीज करतो, तेवढं. बोर्डाचं घड्याळ मी भावाच्या माडीवर लावलं होतं आणि ते इमानाने आमच्या गावची वेळ पाळत होतं. तापमानाला घड्याळ लागत नाही, म्हणून कधी लक्षात आलं नाही. तो शुक्रवारचा दीड म्हणजे माझे बारा. प्रत्येक शुक्रवारी दार उघडणारा मी होतो. झाकण काढून, हवा लावून, पेला बुडवून बादली नासवणाराही मीच. यादीत मी सगळं शोधलं. माझं स्वतःचं दार त्यात कुठे आहे, हे एकदाही शोधलं नाही.

ती बादली मी मोरीत ओतली. फ्रिज विकला. पण त्याच्याकडे जायला मला चार महिने लागले.

तोवर तो किनाऱ्यावरच्या सूर या गावी गेला होता. लाकडी जहाजं दुरुस्त करायच्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. एका शनिवारी सकाळी मी गाडी काढली. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे डोंगर, आणि मी काय बोलायचं ते पाठ करत होतो.

तो एका जुन्या गलबताच्या पोटाखाली फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत बसला होता. मला बघून उठला, हात लुंगीला पुसले आणि पहिलं विचारलं, जेवलास का? मी नाही म्हणालो, मला आधी बोलायचंय. मग मी बोललो. बीअर, फ्रिज, स्विच, शुक्रवार, दीड, पट्टी, हारिस. सगळं एका दमात.

तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, “बीअरचं मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलला नाहीस. तुझं घर.” मग हसला. “तो हारिस झरोक्याखाली येऊन विचारत होता, ये बू कैसा है? मी म्हटलं, हमारे कोकण का आटा है, आंबोली का, खमीर आने को रखते हैं. म्हातारा म्हणाला, मुझे भी खिलाओ. मग मला खरंच पीठ भिजवून त्याला दोन आंबोळ्या नेऊन द्याव्या लागल्या. हराम गोष्टीसाठी खोटं बोललो, तेही रमजान तोंडावर असताना.”

मला वर बघवेना. मी म्हणालो, भाय, घड्याळ चुकीचं होतं.

“घड्याळ ठीक होतं, भाऊ,” तो म्हणाला. “घड्याळाला तू विचारलंस. मला विचारायचं होतंस.”

नंतर त्याने चहा मागवला. आम्ही फळ्यांवर बसलो. मी वहिनींचं विचारलं. बरी आहे, म्हणाला, गुडघे धरलेत. मी म्हणालो, आता बोलाव, मी खोली शोधून देतो, विमानाचं मी बघतो. तो नको म्हणाला. रागाने नाही. दिलेली वस्तू परत करावी तसं.

आणि मग त्याने विचारलं, “पोरगी आली ना मग? पडदे आवडले तिला?”

दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर मी खरं सांगायला गेलो होतो. संशयाचं सांगून झालं होतं. पण त्याच्या हिशेबात अजून एवढं शिल्लक होतं, की संशय असो नसो, भाऊची पोर येणार होती म्हणून खोली गेली. निदान एक घर तरी भरलं. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं माझ्याने झालं नाही. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटली, आणि एका दिवसात पुरेशी लाज झाली होती.

“हो,” मी म्हणालो. “आवडले.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. मग ‘चांगलं’ म्हणून कप पालथा घातला आणि कामाला उठला. हारिस अधूनमधून त्याला फोन करायचा, हे मला पुढे कळलं. त्या घरात कोण राहतं, कोण नाही, हे हारिसला माहीत होतं. म्हणजे भायलाही माहीत असावं. की नसावं? एवढ्या वर्षांनी मी अजून त्याच्या त्या बघण्याचा अर्थ लावत बसतो. संशयाची खोड गेलेली नाही.

तो आता दाभोळला असतो. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकला, पेपर रोज वाचतो. मी हे मराठीत लिहिलं आहे, म्हणजे त्याच्या हाती पडलं तर त्याला वाचता येईल.

भाय, माझी बायको आणि मुलगी मस्कतला परत येणारच नव्हत्या. त्या खोलीत कोणी राहिलं नाही. पडदे माझ्याकडे आहेत, चिपळूणला, कपाटात, तुझ्या कड्यांसकट. माप वहिनींच्या खिडकीला बसणार नाही, पण कापड चांगलं आहे.